मुळासकट इंग्रजी

...आणि वर तो जामसंड्याचा क्लासवाला सर म्हणतो, शब्द पाठ करू नका, मूळ खणा. मूळ खणा म्हणे. मी माडांची आळी खणत म्हातारा व्हायला आलो, तुम्हाला सांगतो, मला हा खणायला शिकवणार? पण गरज माझी. समुद्राकडे तोंड करून दोन खोल्या बांधल्या पाहुण्यांसाठी, आणि त्यांत राहतात कोण, तर आमच्या कोंबड्या. शेवटी टूर कंपनीची एक मड्डम घर बघायला येणार असं ठरलं, तिला पसंत पडलं तर अख्खा सीझन आपला. म्हणून हा इंग्रजीचा क्लास.

तर सर सांगतो, मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर. डिझास्टर म्हणजे वाईट तारा. आणि गेस्ट? गेस्ट आणि लॅटिनमधला शत्रू, दोघांचं मूळ एकच. आता हे ऐकून पाहुण्याला चहा कसा द्यावा माणसानं? पण मी निमूट सगळं वहीत उतरवलं, तारखेसकट. मूळ खणा म्हणे...

मड्डम आली, खोली बघितली, हसली, आंघोळीला गेली आणि आतच अडकली. खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली ती कडी, वर उचलून दार आत ओढलं की सरकते, आम्हाला झोपेतसुद्धा जमतं. पण हे तिला सांगायचं कसं? मी आपला बाहेरून ‘ओपन, ओपन’, ती आतून ‘आय कान्ट’. उंदीर माहीत, तारा माहीत, कडी नाही माहीत. आमची जानकी कमरेवर हात ठेवून, “अवो, तिका सांगा, कडी वयर उचल म्हणान. शिकलात मां?” मुलगी सलोनी नोकरीला गोव्यात, तिचा फोन लागेना. सरांना लावला. “सर, कडीला काय म्हणतात?” तर म्हणतो, “छान प्रश्न. आपण लॅटिनपासून सुरुवात करू.” किळस आली हो मला त्या भाषेची.

तोवर शेजारी जमले, त्यांत गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारे आबा. त्यांनी न्हाणीच्या दारासमोर हात जोडले आणि लावला खडा आवाज, “बा देवा म्हाराजा, ही परदेशी बाय हंय अडाकली आसा, तिची काय चूक झाली आसात तर पोटात घाल आणि तिका सुखरूप भायर काड रे म्हाराजा...” आणि सगळे एका सुरात, “होय म्हाराजा!” त्या गजरानं आत मड्डम अशी हादरली की तिनं दोन्ही हातांनी दार ओढलं, आणि कडी स्क्रूसकट हातात घेऊन बाहेर.

मी म्हटलं, गेला सीझन. तर बाई सरळ आबांच्या पाया पडली. मग सलोनीचा फोन लागला तेव्हा कळलं, तिला वाटलं दार आबांच्या मंत्रानंच उघडलं. घर पसंत, पण अट एकच, तिच्या प्रत्येक ग्रुपला हे गाऱ्हाणं हवंच.

आता दर शनिवारी ग्रुप येतो. आबा गाऱ्हाणं घालतात, सलोनी गोव्याहून येऊन इंग्रजीत अर्थ सांगते, जानकी सोलकढी देते. आणि मी? मी बाहेर त्यांच्या चपला राखतो, कुत्रे पळवतात ना.