खाली ठेवलेला पेला

रुबा : किती म्हणालात? पुन्हा एकदा सांगा.

अबू राकान : नवी बॅटरी सातशे दिनार. जुन्यातले चांगले सेल निवडून बसवले तर साडेचारशे. आता तुमीच ठरवा ताई.

रुबा : साडेचारशे! मामा, ऐकलंत? यजनचा अख्खा पगार गेला यात. घरी गेल्यावर नवऱ्याला मी काय सांगू?

मामा : ऐकलं पोरी. इतकी वर्षं वर्गात ओरडलो, पण बहिरा नाही झालो. काय हो अबू राकान, इर्बिदहून निघाली तेव्हा गाडी कशी लोण्यासारखी चालत होती. अम्मान ओलांडलं, कत्राना ओलांडलं, आणि तुमच्या ह्या हसा गावापाशी येऊन हट्टी खेचरासारखी बसली. तुमच्या गावाची गाड्यांना दृष्ट लागते का?

अबू राकान : खेचराला बी नाकपुड्या लागत्यात मास्तर. हायब्रिड गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असती. तिला वारं घ्यायला सीटच्या कडेला जाळी ठेवल्याली असती. ह्या उन्हाळ्यात ती जाळी कुणीतरी गच्च झाकली. बॅटरी उकडून मेली.

रुबा : अगं बाई! जुमानाचं दुपटं! मीच ठेवलं असणार. मी सारखी मागं वळून बघत होते, तिच्या तोंडावर ऊन येतंय का, लाळेरं नाकावर सरकलंय का, श्वास नीट चाललाय का...

अबू राकान : दुपटं न्हवं ताई. पोरीचं दुपटं पोरीच्याच अंगावर व्हतं. हा बगा, हा निघाला जाळीवर. काळा झगा, सोनेरी काठाचा. चार घड्या घालून.

रुबा : मामा!

मामा : तो चुरगळू नये म्हणून मी आडवा ठेवला होता. मागणी घालायला जाणाऱ्या माणसानं पोतेरं पांघरून जायचं का?

रुबा : साडेचारशे दिनारांची इस्त्री झाली ही, मामा.

अबू राकान : मागणी? कुणाची?

रुबा : माझ्या धाकट्या भावाची, मुहन्नदची. मुलगी तफीलाची आहे, बतूल. दोघं एका कॉलेजात होते. आमचे वडील नाहीत, म्हणून मामा बोलणार आहेत. दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर बैठक बसायची आहे, आणि आम्ही इथे.

मामा : काळजी करू नकोस. माझ्याशिवाय बैठक सुरू होत नाही.

रुबा : हीच तर काळजी आहे! हिवाळ्यात एकदा असंच झालंय, अबू राकान. तफीलाचा रस्ता बर्फानं बंद झाला आणि आम्ही मध्येच अडकलो. तिकडे सगळं गाव जमलेलं, बकरे शिजलेले, रात्रीपर्यंत लोक वाट बघत बसले. तेव्हा मुलीचे वडील काय म्हणाले माहितीय? बर्फ देवाचं होतं, म्हणून एकदा मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा माझी माणसं ताटकळली, तर मुलीचं दुसरीकडे बघेन. आणि ते बोलले की तसंच करतात म्हणे.

अबू राकान : बाकीची मंडळी कुठायत?

रुबा : मुहन्नद आणि बाकी सगळे बसनं गेले, डोंगरातून, कराकवरून. तिथल्या काकांना घ्यायचं होतं. बस आता घाटात उतरली असणार, एकाचाही फोन लागत नाहीये. मामांना बसमध्ये मळमळतं, म्हणून मी गाडी काढली.

मामा : मळमळत नाही. बसमध्ये सगळे एकाच वेळी बोलतात, ते मला सहन होत नाही.

रुबा : गाडी आज नीट होईल?

अबू राकान : आज शुक्रवार, सुट्टीचा दीस. सेल येत्यात अम्मानवरनं, दुकान बंद. उद्या दुपारी बगा.

रुबा : मग टॅक्सी? कितीही घेऊ दे.

अबू राकान : हसात एक टॅक्सी हाय. टॅक्सीवाला पोरास्नी घेऊन अकाबाच्या समुद्रावर गेलाय. ताई, इतका जीव जाळू नका. तुमी आमच्या दारात आलाय, पाहुणं हाय तुमी. आमच्या घरी जेवा, रात्री ऱ्हावा, उद्या गाडी घ्या न् जावा. आज माज्या सासुरवाडीला मटण-भाताचं मनसफ हाय, मेव्हणा सौदीवरनं आलाय. बायको सकाळधरनं नटून बसलीय. तुमचा फोन आला म्हणून तेवढं गॅरेज उघडलं. तिकडंच चला समदी.

मामा : देव तुमचं भलं करो. याला म्हणतात दक्षिणेतला माणूस! रुबा, बघ, शीक काहीतरी.

रुबा : मामा, आपल्याला मनसफ नकोय, तफीला हवंय!

अबू राकान : आदी कॉफी घ्या. कडूच हाय, आमच्याकडं साखर घालत न्हाईत. घ्या ताई. घ्या मास्तर.

मामा : वा. वेलदोडा कसा सढळ हातानं घातलाय. अजून एक. सांगतो अबू राकान, ह्या पेल्याची किंमत मला विचारा. माझ्या हयातीत जितक्या मागण्या घातल्या, तितक्यांदा पेला समोर आला आणि मी तो न पिता खाली ठेवला. म्हटलं, आमचं मागणं मान्य करा, मगच ओठाला लावेन. आणि देवाशपथ, एकही पेला गार होऊ दिला नाही लोकांनी. अजून एक द्या. घसा कोरडा पडलाय.

रुबा : मामा, तिसरा आहे हा. तिथे गेल्यावर आधी पिऊ नका म्हणजे मिळवली.

मामा : मला शिकवतेस?

अबू राकान : ताई...

रुबा : अं?

अबू राकान : ताई, तुमचा पेला.

रुबा : माझा? हो, तो मी तिथे टायरवर... त्याचं काय झालं? तुम्ही असे उभे का राहिलात?

अबू राकान : भरल्याला हाय. घोट बी घेतला न्हाई तुमी. खाली ठेवला.

मामा : अहो, तिचं तसं काही नाही, ती...

अबू राकान : तुमी गप ऱ्हावा मास्तर. तुमचे तीन पिऊन झाले. ताई, माज्या बापाच्या तंबूत एकदा एका माणसानं पेला खाली ठेवला व्हता. दुश्मनीतला माणूस व्हता. बापानं त्याचं मागणं ऐकलं, मग सोता त्याच्या ओठाला पेला लावला. गॅरेज आसंल, टायर आसंल, पण कॉफी माजी हाय. बोला. काय मागणं हाय तुमचं?

मामा : रुबा, सांग ना त्यांना, तू फक्त...

रुबा : मामा, एक मिनिट थांबा.

मामा : अगं, बॅटरी! अर्ध्यात मागून घे!

अबू राकान : मास्तर कायतरी कुजबुजत्यात. मजुरी सोडू? सोडली. सेलांचं पैसं मातर दुकानदाराला द्यायला लागतील, ते माज्या हातात न्हाई.

रुबा : नको. मजुरीही घ्या, सेलांचेही घ्या, सगळे साडेचारशे घ्या. माझं मागणं एकच आहे. तो बाहेर उभा आहे तो टोचनचा ट्रक तुमचाच ना?

अबू राकान : माजाच.

रुबा : त्यातून आम्हाला तफीलाला पोचवा. अस्रच्या आधी.

अबू राकान : ताई, आज सासुरवाडी...

रुबा : माहीत आहे. बायको नटून बसलीय, मेव्हणा सौदीहून आलाय, सगळं ऐकलंय मी. म्हणूनच मागतेय. तुम्हाला सोपं असतं तर पेला खाली कशाला ठेवला असता?

अबू राकान : बरं.

मामा : बरं म्हणजे?

अबू राकान : बरं म्हणजे दिलं. प्या ताई आता.

रुबा : पोचल्यावर पिते.

अबू राकान : आता ह्ये काय? माजा सबुद झाला की!

रुबा : तुमच्या शब्दावर पुरा विश्वास आहे. ट्रकवर नाही. मी आई आहे हो अबू राकान, माझा जीव असा लगेच भांड्यात पडत नाही. पेला हातात राहू दे. एक थेंब सांडणार नाही.

अबू राकान : तफीलाचा घाट बगितलाय का तुमी? ... ऱ्हाऊ द्या. थांबा, आदी घरी फोन लावतो. हॅलो. आगं ऐक. न्हाई, निगालोच हाय, पण तिकडं न्हाई. तफीला. न्हाई गं, तुज्या भावावर राग कशाला आसंल? एक ताई हाय, भावाच्या मागणीला निगालीया, तिनं पेला खाली ठेवला. व्हय. गॅरेजमदीच. व्हय, टायरवर... काय? ... काय म्हणतीस? ... बरं, सांगतो.

रुबा : काय म्हणाल्या? फार चिडल्या का?

अबू राकान : म्हणली, मागणी घालाया जाताय तर अंगातला तेलकट डगला काडा, आन् आजच्या राती भावासमोर तोंड दाखवू नका. चला, बसा. तुमची गाडी बी वर चडवतो. वऱ्हाड जाताना मोकळा ट्रक बरा दिसत न्हाई.

(ट्रक तफीलाच्या घाटात. रुबाच्या मांडीवर जुमाना, एका हातात पेला.)

मामा : हळू हो! हे वळण आहे का फाशीचा दोर?

अबू राकान : मास्तर, बसमदी मळमळतं का ट्रकमदी?

मामा : दोन्हीकडे नाही. भाषण मनात म्हणतोय मी.

रुबा : झग्याला सुरकुती पडली असेल तर पडू दे, मामा. भाषण मात्र छोटं करा. आदमपासून सुरुवात करू नका.

मामा : आदमशिवाय सोयरिकीचं भाषण सुरू होतं का कुठे?

अबू राकान : पेला कसा हाय ताई?

रुबा : आहे. खड्डा येण्याआधी सांगत जा.

अबू राकान : पोर बगा कशी टुकूटुकू बगतीया पेल्याकडं.

रुबा : तिच्यामुळेच तर ठेवला होता खाली. म्हणजे... सांगूनच टाकते आता. ती अंगावर पिते ना, मी कॉफी घेतली की रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाही. तुम्ही इतक्या मानानं दिलीत, नको कसं म्हणायचं? म्हणून हळूच टायरवर ठेवली. मागणं बिगणं मनातसुद्धा नव्हतं माझ्या.

मामा : झालं! आता ट्रक मागे वळवतील ते.

रुबा : अबू राकान? रागावलात?

अबू राकान : खड्डा येतोय. धरा पेला.

*

रुबा : अबू राकान! इकडे, ह्या खिडकीपाशी! मी बतूलच्या घरच्या बायकांत स्वयंपाकघरात अडकलेय. आत काय झालं? बोलणं एकाएकी बंद का पडलं? मी दाराच्या फटीतून बघत होते, नेमकी तेव्हाच जुमाना रडायला लागली, आणि वळून बघते तो सगळे उभे. मामा काही बोलले का वेडंवाकडं?

अबू राकान : बोलले तर झ्याक. आदमपासनं सुरू केलं.

रुबा : केलंच शेवटी!

अबू राकान : पेला म्होरं आला, मास्तरांनी रुबाबात खाली ठेवला. मग नूहची नाव झाली, इब्राहिम झाले, घाम फुटला, घसा वाळला. आन् बोलता बोलता हात आपसूक गेला की पेल्याकडं. उचलला!

रुबा : नाही!

अबू राकान : ओठापातूर नेला! समदी बैठक बगतीया, पोरीचा बाप डोळं वटारून बसलाय. मागणं सांगायच्या आदीच पिऊन टाकला आसता तर सोयरिकीची गोष्टच न्हाई ऱ्हायली. मग मी मारलं कोपर.

रुबा : कोपर?

अबू राकान : जोरात. समदी कॉफी झग्यावर.

रुबा : अरे देवा. म्हणजे मोडलं. म्हणजे मुहन्नदचं...

अबू राकान : आईका तरी! समदे उठून हुबं ऱ्हायले. मग त्यांच्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस, पोरीच्या आईचा चुलता, हळूच हसलं. म्हणलं, मास्तर, लोकं पेला खाली ठेवत्यात, तुमी तर अंगावर वतून घेतला. एवडी निकड आसंल तर पोरगी द्यायलाच लागंल. भरा दुसरा पेला, आन् ह्यो मातर प्या.

रुबा : दिली?

अबू राकान : दिली म्हणजे? आईका की, बायका खुशीनं ओरडाया लागल्या मागं.

मामा : रुबा! कुठे आहेस? ऐकलंस ना? माझी युक्ती बघितलीस? ऐन वेळी सुचली.

रुबा : युक्ती? पेला अंगावर ओतायची?

मामा : जाणूनबुजून. बैठक फार गंभीर झाली होती. या अबू राकाननं जराशी मदत केली, एवढंच.

अबू राकान : जराशी. माजं कोपर आजून दुकतंय.

रुबा : मामा, झग्याकडे बघा. आता याची इस्त्री कितीला पडणार?

मामा : हा डाग मी धुणार नाही. मुहन्नदच्या मुलांना दाखवेन.

अबू राकान : ताई, एक ऱ्हायलं.

रुबा : काय? हां, गाडीचं. उद्या साडेचारशे...

अबू राकान : त्ये ऱ्हाऊ द्या उद्यावर. माजा पेला.

रुबा : हा बघा. खिडकीत बशीखाली झाकून ठेवलाय. बायकांनी दोनदा ओतायला घेतला, हात लावू दिला नाही मी.

अबू राकान : भरल्याला हाय! घाटातनं आणला तरी! द्या हिकडं, गार झाला आसंल. आतनं गरम आणतो.

रुबा : नको. हाच.

मामा : अगं, पण जुमाना? रात्रभर झोपायची नाही ती.

रुबा : जागू दे आज, मामा. तिच्याही मामाचं ठरलंय.