मेंढीच्या पाठीवरचं ऊन

योस्ट: ताई, चित्राचा पत्रा तेजाबातून बाहेर काढलास? चर्चची घंटा होईपर्यंत ठेवायचा होता ना!

माख्टेल्ड: ओरडू नकोस, हात हलतो. चित्रातल्या मेंढ्यांच्या पाठींवर रोगण लावतेय. तिथे आता तेजाब शिरणार नाही. बाकीचं खाऊ दे खुशाल.

योस्ट: अगं, लोकरीची एकेक बट सुईनं कोरलीय मी! तीन आठवडे मान मोडून! ती उथळ राहील, शाई धरणार नाही, फिकी दिसेल ना!

माख्टेल्ड: राहूच दे. मागच्या दोन पत्र्यांवरही कोरलीच होतीस. तेजाबानं सगळं सारखंच खाल्लं, आणि मेंढ्या दिसल्या कोळशाची पोती.

योस्ट: तांब्याचा शेवटचा पत्रा आहे हा. आज चित्र नाही साधलं, तर सोमवारपासून काकांच्या माळावर लिननचे तागे पांढरे व्हायला उन्हात पसरायचे. शब्द देऊन बसलोय मी त्यांना.

माख्टेल्ड: मी सात वर्षं पसरतेय तिथे. एक सांगू? पांढऱ्या ताग्यावर ऊन पडलं ना, की विणीचा एक धागा दिसेल तर शपथ. आणि तू उन्हातल्या मेंढीचा केस न् केस मोजत बसलायस, दीडशहाण्या!

योस्ट: ...आणि ही गाय?

माख्टेल्ड: ती सावलीत. पत्रा पुन्हा बुडव, ती चांगली काळी होऊ दे. हे पीस घे, रेघांवर येणारे तेजाबाचे बुडबुडे झटक.

योस्ट: बुडवला. किती वेळ ठेवू?

माख्टेल्ड: घंटा होईपर्यंत. पीस थांबवू नकोस.

(दुपार. पत्र्याला शाई लागली आहे. छापयंत्राचं चाक करकरत थांबतं.)

योस्ट: कागद तू उचल. माझ्याच्यानं नाही व्हायचं.

माख्टेल्ड: हो बाजूला, भित्र्या. ...अगंबाई!

योस्ट: काय झालं? बिघडलं?

माख्टेल्ड: डोळे उघड आधी!

योस्ट: ताई! अगं, ऊन पडलंय! मेंढीच्या पाठीवर खरंखुरं ऊन! आणि तिथे तर रेघा जेमतेमच... बाकी नुसता कागद आहे तो!

माख्टेल्ड: आणि गाय बघ की, कशी गारव्याला उभी आहे.

योस्ट: अख्ख्या हार्लेममध्ये असली मेंढी नाही! फिरव चाक, अजून एक काढू. एक कशाला, दहा काढू! आणि काकांना सांग, म्हणावं सोमवारी योस्ट येत नाही.

माख्टेल्ड: सांगेन की. मला जायचंच आहे सोमवारी, तागे पसरायला.

योस्ट: ...तू जाणार?

माख्टेल्ड: मग? ऊन काय माझ्यासाठी थांबणार आहे?

योस्ट: तू इथेच चाक फिरव. निरोप मीच नेतो काकांकडे. दोघांचा.