कोपरानं उघडणारी कडी

काय सांगू तुम्हाला, माझा जन्मच बैलगाडीखाली झाला, आम्ही घिसाडी लोकं, आज या गावाच्या कडेला तर उद्या त्या, बाप सांडशीनं तापलं लोखंड धरायचा अन् माय त्याच्यावर घण घालायची, आमच्यात घण बाईनंच मारायचा अन् बाजारात भावही बाईनंच करायचा, मंग माझी जीभ गोड कुठून राहणार. लग्नानंतर अंबडला आलो, बाजाराच्या कडेला पाल ठोकलं अन् तिथंच राह्यलो.

विळे-खुरपे घेऊन मी दारोदार फिरायची. तवा दाराची साखळी वर चौकटीला अडकवायची पद्धत. बाई आडावरून डोक्यावर घागर, कमरेवर कळशी घेऊन येणार, कळशी खाली ठेवणार, साखळी काढणार, पुन्हा उचलणार. एक पोटुशी पोरगी तशी वाकताना बघितली अन् माझं टाळकं फिरलं. पालावर येऊन आमच्या मालकाला म्हणलं, अशी कडी करा की हात लागायलाच नको. ते म्हणले, मंग दार काय नाकानं उघडायचं? म्हणलं, कोपरानं.

केली मंग. दाराच्या आतून जाड पट्टी, तिची शेपटी दाराला भोक पाडून बाहेर. कोपरानं शेपटी दाबली की पट्टी वर उठती अन् दार उघडतं. जाताना दार ओढून घेतलं की पट्टी आपल्या वजनानं चौकटीवरच्या आकड्यात पडती. बायकांनी हातोहात नेल्या.

जालन्याचा एक सेठ, लोखंडी सामानाचं दुकान त्याचं, नमुना म्हणून एक घेऊन गेल्ता. काही दिसांनी बघते तर बाजारात त्याच्या कड्यांचा ढीग, अन् नाव काय, तर सेठकडी. मी एस्टीनं जालन्याला गेले, भर दुकानात भांडले. तो म्हणला, बाई, लोखंडावर काय कुणाचं नाव असतंय का. म्हणलं, मंग तुमचं कसं आलं? हसला, गिऱ्हाईकाला चहा सांगितला, मला न्हाई. ते अजून टोचतंय बघा.

पण त्यानं लोखंड वाचवायला पट्टी पातळ केल्ती. वजनच न्हाई तर ती आकड्यात पडंल कशी? त्याच्याच घरात शेळी शिरली अन् पिठाची परात फस्त केली. मंग सेठ बायकोला घेऊन आमच्या पालावर, जाड कडी द्या म्हणून. म्हणलं, देते की, फक्त ही कडी कुणाची ते इथं बाजारात बोला. सेठ इकडं बघतो, तिकडं बघतो. सेठाणी म्हणली, अहो बोला की जल्दी, पाणी मला वाहावं लागतं. मंग हळूच म्हणला, ही या घिसाडणीची कडी. म्हणलं, सेठ, भाव सांगताना तर तुमचा आवाज लई मोठा असतो. तवा खणखणीत बोलला, शेजारचा भाजीवालासुद्धा तराजू सोडून बघायला लागला.

आता पत्र्याचं घर झालंय, घण सून मारती. लोकं अजून सेठकडीच म्हणतात, ते नाव काही सुटलं न्हाई. पण अंबडच्या गल्लीतून चालले की बायका कोपरानं दार उघडून आत जाऊन राह्यल्यात, ते बघून जिवाला बरं वाटतं, सुखात राहा म्हणते बायांनो. फक्त सेठकडी द्या म्हणून कुणी आलं, तर त्याला मी भावात छदाम सोडत न्हाई.