दोघींची वाळवणपेटी

— पेटीवर टोपी ठेवू नकोस, रंग ओला आहे अजून. खिळ्याला अडकव. आणि बस, असा दारात उभा राहू नकोस, मीटर बघायला आल्यासारखा. चहा घे — नको म्हणू नकोस, फिंटन, तू तीनदा नको म्हणणार आणि मी चौथ्यांदा ओतणारच, तेवढा वेळ नाही मला. ब्रेड सकाळचाच आहे, लोणी लावून घे. तू का आलायस ते मला ठाऊक आहे. त्या म्हाताऱ्यांच्या घरातल्या मोठ्या बाईंनी तुला डब्लिनला फोन केला असणार — तुमची आई सकाळपासून कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन दारापाशी बसते, जेवायला उठत नाही, विचारलं तर म्हणते, टीझी येतेय मला न्यायला, तिची पेटी झाली की येतेय. असंच ना? मग बरोबर सांगते ती. तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत ठिकाणावर, ते वेगळं.

हीच ती पेटी. ओळखली नाहीस? अरे, तुझे लंगोट हिच्यात वाळले. कमरेएवढा पत्र्याचा डबा, तळाशी तापणारी कॉइल, वर आडव्या लाकडी दांड्या — दांड्यांवर कपडे टाकायचे, झाकण लावायचं, झालं. आपल्या ड्रमगोऱ्यात भर उन्हाळ्यात दोरीवरचा टॉवेल आठवडाभर ठिबकतो, तुला काय सांगायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझी आई म्हणाली, टीझी, सासूला सांगू नकोस, अंड्यांच्या पैशांतून अर्धे तू घाल, अर्धे मी घालते. आणली. या दोन बाजूंच्या दोन कड्या बघ, त्या कशाला, तर दोघींनी धरून न्यायला. सोमवारी तिच्याकडे, मंगळवारी रस्ता ओलांडून माझ्याकडे, पेटीच्या पोटात आदल्या धुण्याची ऊब असायची अजून. फादर सायकलवरून जाताना विचारायचे, बायांनो, कोणाला पुरायला चाललात? तुझी आई म्हणायची, तुम्हालाच, फादर, माप बघायला आणलीय. ही तुझी आई. मग कॉइल जळली, त्याच सुमारास माझा नवरा, पॅकी, अंथरुणाला खिळला, पेटी तुमच्या गोठ्यात गेली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. आणि तू काय केलंस? आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिला तिकडे पोचवलीस आणि लिलाववाला बोलावून कपबशांसकट सगळं अंगणात मांडलंस. मी उभी होते. तो म्हणतो, गंजका डबा, कोण घेतंय? मी हात वर केला. स्वतःचंच अर्धं लिलावात विकत घेणारी बाई या मुलखात दुसरी दाखव मला. — नाही, माफी मागू नकोस, माफी घालू कशात? ब्रेड खा.

आता बघ कशी झालीय. आत उंदरांनी घर केलं होतं, ते उपसलं. गंज तारेच्या ब्रशने खरवडला, व्हिनेगर लावून ठेवलं, पुन्हा खरवडला, माझ्या नखांत अजून आहे. तळाचा पत्रा कडेने खाऊन गेला होता, तिथे पॅकीच्या दुधाच्या जुन्या कॅनचा तुकडा कापून रिबिटं मारून बसवला. दांड्या कुजलेल्या — नव्या मी स्वतः तासल्या, काचकागदाने अशा घासल्या की रेशमी मोजा ओढलास तरी धागा निघायचा नाही. वायर जुनी, कापडाचं वेष्टण असलेली, हात लावला की भुगा, ती बदलली. रंग मात्र तसा मिळाला नाही. आधीचा सायीसारखा होता, हा जरा पिवळा मारतो. नोनी बोलेल, तुझी आईच ती. येता येताच बोलेल ती.

नाही, चालू नाही झाली. कॉइल. कॉइल कुठे मिळते — स्लायगोचा दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात, आणि त्याचा पुढचा आठवडा काही उजाडत नाही. आणि पेटीशिवाय तिला आणायची कशी? तुला कोणी सांगितलं नसेल, मी सांगते, तुझी आई रोज रात्री गादी ओली करते. रोज. दोन चादरी, खालचं कापड, अंगातला गाऊन. या हवेत ते वाळवू कुठे, माझ्या डोक्यावर? म्हणून मी तिला म्हटलं, नोनी, माझ्याकडची मागची खोली कोरडी आहे, पलंग आहे, तू यायचंस, पण पेटी चालू होऊ दे. पटलं तिला. तिला चादरी कळतात. तुला कळल्या नाहीत, तू सही केलीस आणि गाडीत बसलास, आणि हे मी चर्चच्या पायऱ्यांवर बोलले, दुकानात बोलले, आत्ता तुझ्या तोंडावर बोलते — एकुलता एक मुलगा, आणि आईला पुसायला परक्या बाया.

काय बघतोयस आत? कॉइलवरची जाळी कशाला उचलतोस, फिंटन, ठेव खाली, भाजेल — रंग लागेल म्हणते हाताला. ठेव. … हो, नवी आहे कॉइल. आली ती. नवी आहे म्हणून काय लगेच चालायलाच हवी? आणि ती वायर … ती उंदरांनी ओढली असेल. पुन्हा आले असतील. असं बघू नकोस माझ्याकडे. तू विजेच्या खात्यातला, उंदराने कुरतडलेली वायर कोणती आणि स्क्रू सैल करून काढलेली कोणती, ते तुला नाही कळणार तर कोणाला.

चालली होती. ईस्टरच्या आधी, उपासांच्या दिवसांत चालली होती. उशीचा एक अभ्रा टाकला, वाळल्यावर काढला, गालाला लावला — आणि त्याच दुपारी वायर सोडवून ठेवली. रविवारी भेटायला गेले तर ती विचारते, झाली का गं आपली पेटी? मी म्हटलं, रंगाचा एक हात राहिलाय. पुढच्या रविवारी पुन्हा एक हात राहिला. हा कितवा, ते मलाही सांगता यायचं नाही, बोट लावून बघ, पत्र्यापेक्षा रंग जाड झालाय. मध्ये एकदा मनाशी ठरवून वायर जोडली होती. पुन्हा सोडवली. गेल्या रविवारी मात्र ती काही विचारेचना. खिडकीकडे तोंड करून बसून राहिली, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, या आठवड्यात होईल गं, नोनी. तिने काय करावं? कोट मागितला.

तू पॅकीला शेवटी शेवटी पाहिलं नाहीस. केवढा गडी होता, आणि रात्रभर एकच, टीझी, टीझी — पाणी दे, कूस वळव, टीझी, दारात कोण आलंय? दारात कोणी नसायचं. वर्षानुवर्षं. तो गेला तेव्हा मी रडले, सगळ्या गावाने बघितलं. पुरून आले, या खुर्चीत बसले, आणि घरात माझं नाव घेणारं कोणी नव्हतं. काय सांगू तुला काय वाटलं ते. मला लाज वाटायला हवी होती. मी आता उजाडल्यावर उठते, फिंटन. माणसासारखी झोपते. नोनीवर माझा जीव आहे, तुझा असेल त्याहून जास्त आहे, तेवढं तरी मला बोलू दे. पण हाक ती मलाच मारणार. रात्री तिला कोणीतरी दारात दिसणार, आणि ती माझंच नाव घेणार, आणि मला उठावं लागणार, आणि एखाद्या रात्री मी तिच्यावर ओरडेन. पॅकीवर ओरडले होते. नोनीवर ओरडायचं नाहीये मला.

हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. तूही बोलू नकोस. मी तुझ्याबद्दल गावभर बोलले ते बोलले, पण तू बोलू नकोस.

काय करतोयस? राहू दे. राहू दे म्हणते ना, रंग ओला आहे, आज नको, चहा तसाच — किती पटकन होतं रे तुझं. मला नुसती सोडवायला अर्धी दुपार लागायची, हातच ऐकायचे नाहीत. प्लग लावू नकोस.

…

बरं. लागली.

हात वर धर बघू. येतेय ऊब? हो. येतेय.

तू जा आता. नाही, तिला तू काही सांगू नकोस, मी सांगते, सकाळच्या बसने जाते. आधी त्या खोलीची खिडकी उघडायला हवी, पलंग भिंतीपासून ओढायला हवा. नाही, नको तुझी मदत, तू फक्त जा, पोरा. बशी तिथेच राहू दे. दार ओढून घे. — आणि तो स्क्रूड्रायव्हर माझा आहे, माहीत आहे मला. तो खिशात घाल आणि घेऊन जा.