पानाच्या पाठीवरचं भाषण

हां, टाळ ठेवा खाली. खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या! मला एक सांगा मंडळी — राबायचं एकानं आणि गळ्यात हार घालून घ्यायचा दुसऱ्यानं, तर देव बघतो कुणाकडं? आं? गप्प का बसलात? हारवाले पुढंच बसलेत म्हणून?

बरं. मग ऐका.

अंबूबाई मांद्रेकर नावाची नटी होती. नऊ वर्षांची असताना नाटक कंपनीत आली. शाळा? शाळेचं तोंड बघितलं नाही बाईनं! अक्षरं शिकली ती नकलेवरून. नक्कल म्हणजे काय? पूर्वी अख्खं नाटक कुणाला देत नसत. ज्याला त्याला आपापली वाक्यं उतरवून द्यायची, आणि आधी समोरचा शेवटी काय बोलतो तेवढे दोन शब्द. ते शब्द कानावर आले की आपण तोंड उघडायचं! ह्यालाच नक्कल म्हणायचे. सगळं नाटक एकाच वहीत — ती वही प्रॉम्प्टर दाजींच्या मांडीवर.

दुसऱ्याची वाक्यं पाठ करून करून अंबूबाईला वाटलं, ह्यापेक्षा मी बरं लिहीन. आणि लिहिलं की! वर्षभर, दुपारी सगळे घोरत असताना, कपड्यांच्या पेटीवर बसून. सरदार आणि त्याची तोंडाळ मोलकरीण, असं झकास नाटक. कंपनीचे मालक नरहरपंत खांबेटे वाचताना इतके हसले, इतके हसले, की तोंडातला विडा बाहेर!

आणि हस्तपत्रक छापून आलं. काय छापलं? ‘लेखक — नरहरपंत खांबेटे’!

माझं डोकंच फिरतं असलं ऐकून. तिचंही फिरलं.

“मालक, हे काय?”

“अगं अंबू, बाईनं लिहिलेलं बघायला कोण येणार?”

“माझं गाणं ऐकायला येतात ते?”

“ते वेगळं! तू आपला आवाज सांभाळ. मागच्या रांगेला पोचत नाही, शंभरदा सांगितलंय!”

तिला दागिना नको होता, पगारवाढ नको होती. त्या कागदावर आपलं नाव — बस्स, एवढंच!

पहिला खेळ झाला. सरदार झाले नरहरपंत, मोलकरीण अंबूबाई. टाळ्या कुणाला? मोलकरणीला! पंतांच्या पोटात दुखलं. दुसरा खेळ कराडला, बाजारच्या दिवशी, भर दुपारी. सकाळी पंतांनी काय केलं — दाजींची वही ओढली, मोलकरणीच्या वाक्यांचं पान काढलं, टर्रकन फाडलं, बंबात घातलं!

“अंबू, दुसऱ्या अंकात तू नुसती झाडायचीस. बोलायचं नाही.”

शहाणा माणूस! पण मंडळी, पानाला बाजू किती? दोन! पुढं मोलकरीण, आणि पाठीवर? पाठीवर पंतांचंच लांबलचक भाषण!

दुसरा अंक आला. अंबूबाई झाडतेय. खर्र... खर्र... पंत मिशीवर ताव देऊन उभे. तीस वर्षांची सवय, मोलकरणीचे ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय जीभ हलेना! बंद पाडले कुणी? ह्यांनीच! दाजींकडं बघितलं. दाजींनी पान उलटलं — थेट तिसरा अंक! पंतांची नक्कल कुठं? बिऱ्हाडी, बंडीच्या खिशात!

पंतांना घाम. गालावरून रंग ओघळायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, “सरदार, झोप लागली का?”

अंबूबाईनं केरसुणी खाली ठेवली. कमरेला पदर खोचला.

“धनी, पुढचं आठवंना का?”

लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे!

पंत दात आवळून म्हणाले, “आठवतं की! पण... तूच सांग.”

“मी? मी मेली मोलकरीण. ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारा. कुणी लिहिलंय, धनी?”

पुढच्या रांगेतला एक गूळवाला हस्तपत्रक नाचवत उठला. “अहो, ह्यांनीच लिहिलंय! हे बघा नाव!”

“अगं बाई! स्वतः लिहिलेलं स्वतःला येईना?”

हशाच हशा! पंत पुटपुटले, “अंबूबाईनं.”

“काय म्हणालात?”

“अंबूबाई मांद्रेकरनं लिहिलंय!”

“मोठ्यानं, धनी. मागच्या रांगेला पोचत नाही!”

काय करतील? ओरडले! अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं! आणि त्याच क्षणी बाईनं केरसुणी उचलली, पंत ज्यांची वाट बघत होते ते शब्द हळूच टाकले — “पाणी तापलंय, धनी” — आणि धबधब्यासारखं भाषण सुटलं! असल्या टाळ्या पंतांना जन्मात मिळाल्या नव्हत्या. बाईनं ते शब्द अडवून ठेवले असते तर? पण नाटक तिचं होतं हो. आपलं लेकरू कुणी पाडतं का?

पुढच्या गावचं हस्तपत्रक आलं. ‘लेखिका — अंबूबाई मांद्रेकर.’ दाजी सांगायचे, बाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, शाई ओली आहे का बघितलं, आणि मग एकदम पेटीवर बसून रडली. नंतर आणखी नऊ नाटकं लिहिली. प्रत्येक वहीत एकच खोडी — जिथं आपलं वाक्य, त्याच पानाच्या पाठीवर मालकांचं!

हसताय? हसा. आता इकडं बघा. त्या फलकावर काय लिहिलंय? ‘महाप्रसाद — अध्यक्षांतर्फे.’ अध्यक्षसाहेब, नमस्कार! शिऱ्यात रवा किती पडला हो? आं? माहीत नाही? त्या खांबाआड बसलेल्या गोदाक्का बघा, हाताला चटका बसलाय, पदरात लपवलाय. त्यांना माहीत आहे!

देवाचं नाव रोज हजारदा घेता. आज पान वाढल्यावर ह्या गोदाक्कांचं एकदा घ्या. आणि हो — मागच्या रांगेला पोचू द्या!