काखेत हात घालायचा नाही

हो, बरगडी मीच मोडली. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्याच मुलीची, आणि मिठी मारून. — तोंडावर हात कशाला ठेवता? उद्यापासून तुम्ही तिला सांभाळणार, तेव्हा हे ऐकून घ्यायलाच हवं. आणि मॅडम नको, बाई म्हणा. सबंध हयात शाळेतली मुलं मला बाईच म्हणत आली. तर त्या दिवशी तिच्या तपासणीचा निकाल चांगला आला, छातीतली गाठ परतलेली नव्हती — दारातच मी तिला कवटाळलं. काडकन आवाज झाला. मला वाटलं, पिशवीतलं काहीतरी मोडलं. तर ही पांढरीफटक पडून म्हणते, "आई, वर्गात कधी कुणावर हात उगारला नाहीस, ती सगळी कसर आज माझ्यावर काढलीस होय?" — असलं बोलणं! वडिलांवर गेली आहे.

म्हातारीची हाडं शाबूत आणि चाळिशीतल्या मुलीची ठिसूळ, हे कसं — असंच मनात आलं ना तुमच्या? हाड म्हणजे खडू नव्हे, जिवंत असतं ते. त्यातल्या काही पेशी जुनं पोखरतात, काही नवं भरतात. आणि भरणाऱ्यांच्या गोतातूनच पोखरणाऱ्यांना बोलावणं जातं. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक, ते बोलावणं वाटेत अडवतं, आलेल्यांना वेळेवर मरायला लावतं, भरणाऱ्यांना अधिक जगवतं. माझं ते वयानुसार गेलं. हिचं औषधाने एकाएकी काढून घेतलं — घ्यावंच लागलं, गाठ त्याच संप्रेरकावर पोसली होती. आता पोखरणाऱ्यांना आवरणारं कोणी नाही. "मग थोडंसं तरी परत द्या," असं मी डॉक्टरांना म्हटलं — मी, जन्मभर विज्ञान शिकवलेली! दिलं तर गाठ, न दिलं तर हाड. हाडांसाठी इंजेक्शन सुरू आहे. पण गेलेलं काही चुटकीसरशी भरून येत नाही. शिंकताना मणका दबला हो तिचा, शिंकताना! तेव्हापासून केर काढतानाही मी धूळ उडू देत नाही.

असो. मी खुर्चीत बसते, मला उठवून दाखवा. — अहं, काखेत हात घालायचा नाही, ओढायचं तर मुळीच नाही. पाठीला तळवा, नुसता टेकवलेला. तिला तिच्या बळावर उठू द्या. — हां. असा. किती हलका हात आहे तुमचा... मला हे जमत नाही. ती कण्हली की माझे हात आपसूक तिला धरायला जातात.

म्हणून ठरलं ते असं: उठवणं, आंघोळ, कपडे तुमच्याकडे, माझ्याकडे केस विंचरणं. डॉक्टरांनी सुचवलं, जावयांनी मान डोलावली, मुलगी "बरं होईल" म्हणाली. मीही हो म्हटलं.

केस तिने बारीक कापून घेतले आहेत. दोनदा कंगवा फिरवला की झालं.

या आता तुम्ही. दार हळू लावा, ती झोपली आहे.