मचाणावरचा भोंगा

(फोनवर. नूतन चंद्रपुरात, मांडीवर तान्हं लेकरू. तिचा दीर धनराज जंगलातल्या मचाणावर.)

धनराज : ...वाघिणीनं मानगूट धरून ओढत नेलं वो वहिनी, कमलाच्या नवऱ्याले, मंगरूले! माह्या डोयापुढं! झाडाखाली रगतच रगत हाय.

नूतन : भाऊजी, भोंगा वाजवा आधी! आई नाल्यावर आहे ना?

धनराज : आई, आयुषची माय कमला, सगळ्या मिळून नऊ बाया. वाकून मोहफुलं वेचून राह्यल्या. इथून वरडलो तं तिथी आयकू जात नाई. अन् मादीसंग मोठं पिल्लू हाय. ते नाल्याकडं उतरून राह्यलं.

नूतन : मग दाबा ना ॲपमधलं बटण!

धनराज : चारदा दाबलं. नुसती चकरी फिरते. बोलाले एक कांडी हाय, नेट नाई.

नूतन : म्हणजे क्लास उतरलाच नाही.

धनराज : इथी माणूस फाडला अन् तुमाले क्लास सुचते?

नूतन : क्लास म्हणजे भोंगा वाजवणारा कोड हो! तो मी वेगळा ठेवला. मी केलेल्या ॲपचं पान जंगलात पटकन उघडावं म्हणून. बटण दाबलं की तेव्हाच तो नेटवरून येतो. एकदा आला की मोबाईलमध्ये राहतो. म्हणून तर मागच्या महिन्यात सगळ्यांना एकदा दाबून पाहा म्हटलं होतं!

धनराज : कोन दाबन? वाघ नसताना त्याच्या नावानं बोंबललं का तो येते, म्हणते लोक. आमी कागदावर सह्या केल्या, दाबलं म्हणून.

नूतन : आणि मी सह्या पाहून गप्प बसले. माझ्या घरी वायफायवर मस्त वाजत होता.

धनराज : वहिनी, ते पिल्लू दिसत नाई आता. गवतात शिरलं.

नूतन : भोंग्याची वायर फोनला लागली आहे?

धनराज : हाय.

नूतन : आवाज पूर्ण वाढवा. माझं बोलणंच भोंग्यातून जाऊ द्या. आई! कमलाताई! वाघ! वाघ आला! वाकू नका! सगळ्या एका जागी या, पाठीला पाठ लावा! वरडा! वाघ!

धनराज : उठल्या! उठल्या वो! अगा बापा... लच्छूच्या बाईवर पडलं! पाठीवर हाय तिच्या!

नूतन : आई! दगड घाला! तोंडावर घाला त्याच्या!

धनराज : आईनं घातला. कमला विळा घेऊन भिडली. डोयातच मारला तिनं! आणखी मार! मार, कमला! पळालं... पळालं, वहिनी. तुमचं लेकरू किती रडून राह्यलं.

नूतन : रडू द्या. सगळ्यांना मचाणाजवळ आणा. मी फोन ठेवत नाही.

कमला : (थोड्या वेळानं, मचाणाखालून) हॅलो. मी कमला. धनराजभाऊनं फोन देल्ला.

नूतन : ताई! किती जणी आहात?

कमला : नवाच्या नऊ. लच्छूच्या बाईची पाठ सोलून निंगाली, पण जीव हाय. तुह्या सासूनं लुगडं फाडून बांधलं.

नूतन : आणि मंगरूभाऊ...

कमला : पाहून आली. मादी नाई आता तिथी. अर्धेच हायेत.

नूतन : ताई...

कमला : रडू नको. मले एक सांग. भोंगा काऊन नाई वाजला? धनराजभाऊ खाली मान घालते. म्हणते, नेट नव्हतं.

नूतन : नेट नव्हतंच. पण... नाही ताई. नेट नसणार हे मला माहीत होतं. तरी भोंगा मी पहिल्यापासून भरून ठेवला नाही. दाबल्यावर आणायचा, असं ठेवलं.

कमला : म्हणजे दाबलं का मंग तो निंगते?

नूतन : हो.

कमला : किती वेळ लागते त्याले?

नूतन : इथे एक क्षण. तिथे... येईपर्यंत दाबत राहायचं.

कमला : आयुषचा बाप एकदाच वरडला म्हणते.